बहिणीची सही, भावाचा सातबारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

9 एकर वडिलोपार्जित जमीन धरा. घरात वडील, दोन भाऊ आणि एक बहीण. आई आधीच वारलेली. वडील 17 जून 1956 पूर्वी गेले असते, तर भाऊ असताना बहिणीला त्या जमिनीत काहीच मिळत नव्हते. त्यानंतर हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्यात वडील आणि दोन मुलगे यांचे प्रत्येकी 3 एकर असे आधी कागदावर वाटप धरायचे आणि मग फक्त वडिलांचे 3 एकर तिघा भावंडांत वाटायचे. बहिणीला 1 एकर, भावांना 4-4. आज त्याच घरात, त्याच जमिनीत तिघांना 3-3 एकर येतात. आजीला शून्य, आईला 1 एकर, नातीला 3. तीन पिढ्यांत कायदा एवढा पुढे आला. घरातले मन मात्र अजून आईच्याच काळात, काही ठिकाणी तर आजीच्या काळात आहे, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्राने हा बदल देशाच्या आधी केला, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. 22 जून 1994 पासून आपल्याकडे मुलगी जन्माने सहहिस्सेदार, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, झाली. त्यात एक खोच होती. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. थोरलीचे लग्न मे महिन्यात झाले आणि धाकटीचे पुढच्या वर्षी, तर सख्ख्या बहिणींचे हक्क वेगवेगळे! 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. राहत्या घराचे वाटप मागायला मुलीला असलेली आडकाठीही त्याच वेळी निघाली. वडील 2005 मध्ये हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मात्र उकरून काढता येत नाही.

आता गावात काय होते ते पाहू. दहावा-तेरावा उरकला की वारस नोंदीचा विषय निघतो. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला, 8-अ चा (खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा) उतारा आणि सगळ्या वारसांची नावे लिहिलेले प्रतिज्ञापत्र जोडायचे. पहिली गडबड या प्रतिज्ञापत्रातच होते. बहिणींची नावे गाळली जातात, किंवा लिहून पुढे ‘हक्क नको आहे’ असे एक वाक्य टाकले जाते. या वाक्याला काडीचीही किंमत नाही, हे भावालाही माहीत नसते. मग वारस नोंदवहीत नोंद, त्यावरून फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याची नोंद, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. ही नोटीस बहिणीच्या नावाने निघते खरी, पण पत्ता माहेरचा असतो. भाऊच ती घेतो, बहिणीला कळतही नाही आणि 15 दिवस सरतात.

जुने सातबारे पाहिले की मागच्या पिढ्यांची रीत दिसते. थोरल्या भावाच्या नावाआधी ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणी तिकडे ‘इतर हक्क’ या रकान्यात. कित्येक ठिकाणी चावडीवर नुसता जबाब घेऊन ती नावेही कमी केली गेली. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे. तिने मालकी येत नाही आणि जातही नाही. ‘चाळीस वर्षांपूर्वी नाव कमी झाले, आता काय उरले’ असे म्हणून बहिणीने गप्प बसण्याचे कारण नाही. आधी तो फेरफार काढून नाव कशाच्या आधारे कमी झाले ते वाचावे.

हक्क सोडायचाच असेल तर त्यासाठी हक्कसोडपत्र लागते, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की झाले, हा समज चुकीचा आहे. हक्क फक्त सहहिस्सेदाराच्याच लाभात सोडता येतो. दोन भाऊ असतील तर कोणाच्या लाभात किती, हे दस्तात स्पष्ट हवे, नाहीतर पुढे भावाभावांतच कज्जा उभा राहतो. दस्त नोंदवल्यावर ‘मन बदलले’ म्हणून तो फिरत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो आणि दाव्याची मुदत ती बाब कळल्यापासून 3 वर्षे. सर्वांत जास्त घात होतो तो ‘सदर गट नंबर व इतर सर्व मिळकती’ या शब्दांनी. बहिणीला वाटते घरामागचा तुकडा सोडला. प्रत्यक्षात रस्त्याकडेची जमीनही गेलेली असते. ‘पीककर्जासाठी सही हवी आहे’ असे सांगून हाच दस्त पुढे केला जातो, तेही नवीन नाही.

मागच्या पिढीत बहिणी सही करत, त्याची कारणे समजून घ्यायला हवीत. त्या भोळ्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे आहे. माहेर हा त्यांचा एकमेव आसरा होता. सासरी कमी-जास्त झाले तर परत यायला तेच दार होते, आणि ते उघडे ठेवण्याची किंमत त्या सहीने मोजत होत्या. भावाने भाऊबीजेला साडी-चोळी करायची, बाळंतपण करायचे, भाचीच्या लग्नात मामा म्हणून उभे राहायचे. हा अलिखित करार बहुतेक भावांनी पाळलाही. आज बाळंतपण दवाखान्यात होते, भाऊ शहरात असतो आणि तीच जमीन प्लॉट पाडून विकली जाते. कराराची भावाकडची बाजू संपली, बहिणीची सही तेवढी मागायची, हे कसे चालेल? ‘तुझ्या लग्नात खर्च केला’ हा हिशेबही लागू होत नाही. लग्नखर्च म्हणजे वाटा नव्हे, आणि हुंडा तर 1961 पासून गुन्हा आहे.

भावांची बाजूही मांडायला हवी, कारण तीही खरी आहे. वडिलांचे आजारपण, सोसायटीचे कर्ज, विहिरीचा खर्च त्याने एकट्याने ओढलेला असतो. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आले की पीककर्जाला, पीकविम्याच्या संमतीपत्राला तिची सही लागते आणि ती असते दोनशे किलोमीटरवर. यावर तोडगे आहेत. नाव सामाईक ठेवा, जमीन भावानेच कसावी, बहिणीने ठरावीक कामांपुरते मुखत्यारपत्र द्यावे आणि वर्षाचा खंड ठरवून घ्यावा. नाव लागले म्हणजे बांध पडलाच असे नाही, त्यामुळे ‘तुकडे होतील’ ही भीती पुढे करू नये. बहिणीला विकायचे असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे घेण्याचा पहिला हक्क बरोबरच्या वारसांचा, म्हणजे भावाचा आहे. जमीन परक्या घरात जाईल असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच कायद्याचे कलम 15 वाचावे. वडिलांकडून आलेली मिळकत, बाई निपुत्रिक आणि मृत्युपत्र न करता वारली तर, वडिलांच्या वारसांकडेच परत येते.

आणि बहिणींनीही एक गोष्ट मानायला हवी. 2005 च्या कायद्याने हक्काबरोबर जबाबदारीही मुलाइतकीच दिली आहे. आई-वडिलांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. वाटा बरोबरीचा घ्यायचा आणि आईच्या औषधांची फिकीर एकट्या वहिनीने करायची, हेही नव्या पिढीला शोभणारे नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तिथे आई-बापांना मृत्युपत्रानेही अर्ध्याहून अधिक मिळकत वारसांपासून तोडता येत नाही. म्हणून तिथल्या भावा-बहिणींनी एकमेकांकडे जाणे-येणे सोडलेले नाही.

प्रशासनाकडे दोनच मागण्या आहेत. वारस अर्जात प्रत्येक बहिणीचा सासरचा पत्ता आणि तिचा स्वतःचा मोबाइल नंबर सक्तीचा करावा, आणि 15 दिवस तिला नोटीस पोचल्यापासून मोजावेत. दुसरे, हक्कसोडपत्राला त्या कुटुंबाचे सर्व 8-अ उतारे जोडलेले असावेत, आणि दुय्यम निबंधकाने बहिणीला भावांपासून बाजूला बसवून कोणता गट, किती क्षेत्र आणि चालू बाजारमूल्य दराने त्याची किंमत किती, हे वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. तोवर बहिणींनी महिन्यातून एकदा ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून माहेरच्या गटावर कोणता फेरफार चालू आहे ते पाहावे. मोबाइलवर होते, पाच मिनिटे लागतात.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा