औषध का लागू पडतं, यावरही खर्च करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मल्टिपल मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या बायोप्सी तपासणं हे माझं रोजचं काम. संशोधनाचा निधी ठरवताना "औषध लागू पडतंय ना, मग कारण शोधायला पैसे कशाला?" असं विचारलं जातं. त्याचं उत्तर या आजाराच्याच इतिहासात आहे.

मज्जेच्या तुकड्यावर सीडी-३४ची रंगक्रिया केली की रक्तवाहिन्यांचं अस्तर तपकिरी दिसतं. निरोगी मज्जेत या वाहिन्या शोधाव्या लागतात. बळावलेल्या मायलोमात मात्र प्लाझ्मा पेशींच्या घोळक्यांमधून बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं. या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्यानं नव्या वाहिन्या फुटतात; आणि भोवतालच्या पेशी इंटरल्युकिन-६ हे प्रथिन पुरवून कर्करोगाला पोसतात. इटलीतल्या बारीच्या संशोधकांनी ही वाढ १९९४मध्ये मोजून दाखवली.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डामाटो यांनी सशाच्या डोळ्यात दाखवलं की थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या रोखतं. हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली म्हणून १९६१मध्ये बाजारातून काढून घेतलेलं हेच ते औषध. १९९९मध्ये अर्कान्सास विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ते इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध झालं. जवळपास एक तृतीयांश रुग्णांना गुण आला. हताश झालेल्या घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

पण गुण आलेल्यांच्या मज्जेतल्या वाहिन्यांची दाटी लक्षणीय कमी झालीच नव्हती. वाहिन्या रोखल्या की कर्करोग आटोक्यात येईल, या ज्या तर्कावर औषध दिलं, तो जसाच्या तसा टिकला नाही. पुढे २०१०मध्ये जपानी संशोधकांना हे औषध सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं हे सापडलं. २०१४मध्ये कळलं की त्यातून इकारोस आणि आयोलोस ही प्रथिनं नष्ट होतात आणि मायलोमाची पेशी त्यांच्यावाचून तगत नाही. आज या प्रथिनांवर आणखी जोरकस मारा करणारी नवी औषधं त्याच माहितीवर घडवली जात आहेत. कारण शोधायला दिलेला पैसा असा फळाला येतो.

म्हणून वाहिन्यांचा विषय संपला, असं मी मानत नाही. दाट वाहिन्या असलेल्या रुग्णांचा आजार जास्त घातक ठरतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. लेनालिडोमाइड आणि बोर्टेझोमिब ही मायलोमावरची औषधंही प्रयोगशाळेत वाहिन्यांची वाढ रोखतात. रुग्णाला येणाऱ्या गुणात त्याचा वाटा किती, याचा निवाडा व्हायचा आहे. तो व्हायला उपचारानंतरची मज्जा लागते, आणि घोडं तिथेच अडतं. नंतरच्या तपासणीत बरेचदा फक्त सुईनं ओढलेली पातळ मज्जा घेतात. तिच्यात वाहिन्यांची रचना उरतच नाही. त्यासाठी हाडातला अखंड तुकडाच हवा.

माझी मागणी नेमकी आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या मायलोमाच्या औषधचाचण्यांमध्ये उपचारापूर्वी आणि उपचारानंतर, रुग्णाच्या संमतीनं, मज्जेचा तुकडा घेण्याची तरतूद करा. ही बायोप्सी दुखते, त्यामुळे नकार देणाऱ्याच्या उपचारात कसूर होता कामा नये. वाहिन्या मोजण्याची पद्धत सगळीकडे एकच ठेवा. आज दोन तपासनीसांचे आकडे जुळतीलच असं नाही. आणि मज्जेचे तुकडे ज्यात साठवतात ते मेणातले ब्लॉक जपायला कायमचा निधी द्या. जागा नाही म्हणून ते टाकले गेले, तर त्या रुग्णाची उपचारापूर्वीची मज्जा पुन्हा मिळवता येत नाही.

कळावे,
आपली नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट