टीएमएस करणाऱ्या आमच्या टेक्निशियन ताईंना थँक्यू

ताई, दादाचं टीएमएस, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने मेंदूला चालना देण्याचा तो डिप्रेशनवरचा उपचार, संपलं, तो बराच सावरलाय, डॉक्टरांचे आभार आम्ही सगळ्यांनी मानलेच पण मला खास तुमचे मानायचेत, कारण रोज मशीनपाशी तुम्ही असायचात.

गोळ्यांनी डिप्रेशन हटत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी हे सुचवलं आणि आईने धोशाच लावला की माझ्या पोराला शॉक देणार. तुम्ही तिला शेजारी बसवून सांगितलंत की हे शॉक नाही हो काकू, भूल नाही काही नाही, तो जागाच असेल आणि झाल्यावर आपल्या पायांनी घरी जाईल. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा करंट निर्माण करतं, फॅरेडेने 1831 ला शोधलेलं तेच, दहावीच्या विज्ञानातलं!

आणि तो अंगठा! कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला आणि उडतोय उजव्या हाताचा अंगठा, दादा स्वतःच हाताकडे बघत बसला. किती ताकदीला अंगठा हलतो त्यावरून त्याचा डोस ठरणार, प्रत्येकाचा वेगळा असतो, हे तुम्ही सांगितलंत आणि मग कॉइल पुढे कपाळाकडे सरकवलीत. मी नंतर वाचलं की 1985 मध्ये इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच मेंदूवरून हाताचे स्नायू हलवून दाखवले होते, डिप्रेशनसाठी अमेरिकेत मान्यता मिळायला मात्र 2008 उजाडलं.

खरं सांगू का, उपचारापेक्षा तुमचं आधी सांगणं जास्त कामी आलं. टकटक आवाज मोठा येईल म्हणून कानात प्लग, डोक्याच्या कातडीखालच्या नसा आणि स्नायूही चाळवतात म्हणून भुवई फडफडेल, कधी जबडा ओढल्यासारखा होईल, सुरुवातीला डोकं दुखेल पण बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. सगळं तसंच झालं आणि म्हणून तो घाबरला नाही. डोक्यात कुठे धातूची क्लिप, कानात इम्प्लांट वगैरे नाही ना हे आधीच खोदून खोदून विचारलंत. फिट येण्याचा धोकाही लपवला नाहीत, फार क्वचित येते पण येऊ शकते, आणि म्हणूनच रोज आल्या आल्या झोप किती झाली, दारू घेतली का, नवीन गोळी चालू केली का हे विचारायचात, झोप कमी झाली की धोका वाढतो म्हणून. दादा वैतागायचा तरी तुम्ही एक दिवस सोडला नाहीत. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललात, त्यामुळे मधे काहीच फरक दिसत नव्हता तेव्हा आम्ही सोडून दिलं नाही.

ताई, तुमच्या खोलीबाहेर अशीच कुणी घाबरलेली आई बसली असेल आणि तिला बोलायचं असेल तर आमची आई तयार आहे, बिनधास्त फोन लावून द्या, नंबर तुमच्याकडे आहेच.