रिक्षावाले मामा, तुमचा टॉवेल आमच्याकडे आहे

आमच्या कॉलेजचा यंदाचा फुटबॉल हंगाम उपांत्य सामन्यात टायब्रेकरवर संपला. पोरं रडली. पण इथवर आलो ते ज्यांच्यामुळं, त्यातल्या कितीजणांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.

पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आम्ही डबक्यांकडं बघत उभे होतो, तेव्हा शेजारच्या तालमीची पोरं खोरी घेऊन आली आणि आमच्याबरोबर तासभर मुरूम ओढला. नावं विचारली तर म्हणाली, "खेळा की, नावं कशाला!"

शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची लढत असली की पाय ठेवायला जागा नसते. कॉलेजच्या सामन्याला कोण येतंय? तरी एक आजोबा प्रत्येक सामन्याला यायचे. आमच्या गोलकीपरला त्यांनी एकदाच सांगितलं, "पाय बघू नकोस बाळा, बॉल बघ." पुढच्या टायब्रेकरला त्यानं दोन फटके अडवले.

आणि रिक्षावाले मामा. हेडर घेताना बचावात खेळणाऱ्या आमच्या स्टॉपरची भुवई फुटली, रक्त थांबेना. तुम्ही गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या डोक्याला बांधलात, दवाखान्यात नेलंत, त्याची आई येईपर्यंत थांबलात. भाडं द्यायला बाहेर आलो तर तुम्ही निघून गेला होतात. चार टाके पडले होते, आता तो बरा आहे. मनापासून आभार, मामा.

टॉवेल धुऊन घडी घालून ठेवलाय. सकाळी सहाला आम्ही गांधी मैदानावर असतो. एकदा या. त्याच्या आईला तुम्हाला भेटायचंय.