फोनवरच्या ऑर्डरी आणि सिस्टरचे अधिकार

संपादक महोदय,

१२ मे, म्हणजे नर्सेस डे, आला की नर्सेसना गुलाबाची फुलं, केक, पुढाऱ्यांची भाषणं सगळं होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण सिस्टरने नेमकं काय करायचं आणि काय नाही यावर कोणी बोलतच नाही म्हणून लिहितेय.

एकेकाळी बीपी बघणं हेसुद्धा डॉक्टरचंच काम समजायचे. आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा सलाईनची सुई लावायला इंटर्नची वाट बघायचो, आता शीर सापडली नाही की तेच इंटर्न सिस्टरला हाक मारतात. कामं अशी एकेक करत आमच्याकडे आली, अधिकार काही आले नाहीत. अमेरिकेत १९६५ लाच लोरेटा फोर्ड या नर्सने एका बालरोगतज्ज्ञाबरोबर कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे पेशंट तपासून स्वतः उपचार ठरवणाऱ्या नर्सचं, शिक्षण चालू केलं, आज तिथे अशा नर्सेस औषधं लिहून देतात, काही राज्यांत तर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय.

आपल्याकडेही काहीच नाही असं नव्हे. बाळंतपणाच्या केंद्र सरकारच्या २०१० च्या गाईडलाईन्स बघा, गरोदर बाईला झटके आले तर गावच्या सब-सेंटरची एएनएम, म्हणजे बाळंतपणं बघणारी नर्ससुद्धा मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवायच्या इंजेक्शनचा, पहिला डोस देऊ शकते, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल, आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. आणि मी होते त्या एका खाजगी हॉस्पिटलात तापाच्या गोळीलासुद्धा रात्री फोन करायचा, डॉक्टर झोपेत "दे गो" म्हणणार, आम्ही लिहून ठेवणार, सही सकाळी राउंडला. एकदा पेशंटला रिअ‍ॅक्शन आली तर डॉक्टर म्हणाले मी असं बोललोच नव्हतो! मेमो कोणाला मिळाला ते सांगायला नको.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या गंभीर पेशंटसाठीचा, दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स काढलाय, चांगलं आहे, पण तो करून आलेल्या मुलीला त्या नावाची पोस्टच नसली तर ती परत वॉर्डात स्टाफ नर्स, नाहीतर सरळ यूकेचं विमान.

नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी कमिशनचा नवा कायदा आला, त्यात राज्यांनीही आपापलं कमिशन नेमायचं आहे. गोव्याच्या कमिशनवर नाइट ड्युट्या केलेल्या बायका असू देत, नुसत्या ऑफिसातल्या नकोत. कुठली औषधं सिस्टर स्वतः सुरू करू शकते त्याची यादी सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे वॉर्डात लागू दे, आणि बाकीच्यांसाठी फोनवर "दे गो" नको, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, डॉक्टरचा लेखी मेसेज यायलाच हवा असा नियम करा.

- एक निवृत्त स्टाफ नर्स, फोंडा