स्टूल ओढून समोर बसलेल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

मी तुम्हाला आठवत असेन असं नाही. माझ्यासारख्या कितीजणी रोज तुमच्यासमोरून जात असतील. पण तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या पहिल्या सोनोग्राफीचा तो दिवस आठवला की अजूनही डोळे भरून येतात.

“ठोके अजून दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी या.” तपासणाऱ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, तेही फाइलमध्ये बघत. लगेच पुढच्या बाईला हाक गेली. ठोके दिसत नाहीत म्हणजे काय समजायचं? बाळ गेलं? की नव्हतंच? आदल्या दिवशी रक्ताचा डाग दिसला म्हणून दवाखान्यात फोन केला होता, तेव्हाही “होतं असं” म्हणून ठेवून दिला होता. गर्दी असते, मान्य आहे. पण आणखी दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागतो? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही रिपोर्ट द्यायला आलात, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि स्टूल ओढून समोर बसलात. तोवर माझ्याशी जो कुणी बोलला तो उभ्याउभ्या, निघायच्या घाईत. तुम्ही बसलात आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता मी विचारू शकते.

मग तुम्ही सांगितलंत, की आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे कागदावर पाच आठवडे असले तरी गर्भ राहून जेमतेम तीनच झालेले असतात. या वेळी सोनोग्राफीत बहुतेक गर्भाभोवतीची नुसती पिशवीच दिसते, ठोके साधारण सहाव्या आठवड्याच्या पुढे दिसू लागतात. बीज थोडं उशिरा सुटलं असेल तर आणखी उशिरा. हे कुणीच मला सांगितलं नव्हतं!

डागाबद्दलही तुम्ही आपणहून बोललात. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं पुढे सुरळीत होतं. पण पॅड भराभर भिजू लागलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी यायचं, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिला असला तर थांबून चालत नाही. मळमळ, दिवसभराची झोप, वासांनी ढवळणं, सारखी लघवीला जावं लागणं हे बहुतेक जणींना होतं, आणि यातलं काही झालं नाही तरी तेवढ्यावरून काही बिघडलं असं समजायचं नाही. उलट्या इतक्या वाढल्या की पाणीही पोटात ठरत नाही, तर मात्र सोसत बसायचं नाही. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, न चुकता. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नळी याच सुरुवातीच्या आठवड्यांत मिटून बंद होते, म्हणून.

नवऱ्याला तुम्ही बाहेरून बोलावून घेतलंत आणि हे सगळं त्यालाही पुन्हा सांगितलंत. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी पाहिला.

आणि तुम्ही मला खोटा दिलासा दिला नाहीत. “सगळं नीट होईल असं मी आज सांगू शकत नाही,” तुम्ही म्हणालात. “पण नाही झालं, तर ते तुम्ही जिना चढलात किंवा बादली उचललीत म्हणून नसेल. इतक्या लवकर गर्भ पडतो तो बऱ्याचदा गुणसूत्रांच्या दोषामुळे. त्यात आईची चूक नसते.” दर दहात एक-दोन गर्भधारणा अशा जातात, हे ऐकून मी घाबरले नाही. उलट मन शांत झालं. खरं सांगणारं माणूस जवळ असलं की भीतीसुद्धा पेलवते.

आता मला चौथा महिना लागला आहे. बाळ ठीक आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. उलटं घडलं असतं तरी मी ते लिहिलंच असतं, आणि तुम्ही त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टींच्या आधारानेच लिहिलं असतं. पगाराच्या कामात न बसणारी माणुसकी जी माणसं रोज, कुणी बघत नसताना करतात, त्यांच्यामुळेच दवाखान्यात पाऊल टाकायची हिंमत होते.

तुमच्या वरिष्ठांनाही मी वेगळं पत्र पाठवते आहे. त्यात एकच मागणी केली आहे: पहिल्या सोनोग्राफीनंतर प्रत्येक बाईला तुमच्यासारख्या सिस्टरबरोबर बसून बोलायला दहा मिनिटं मिळावीत.

तुमची,
एक पेशंट