आवाहन : श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी

सप्रेम नमस्कार,

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, पलीकडे मंडणगड-दापोली असा सगळा पट्टा झोडपून गेले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता, असे हवामान खात्याने सांगितले. घरात बसलेल्यांना आकडा कुठला कळणार? कौले सुटून समोरच्या भिंतीवर फुटत होती आणि त्यामागून वाडीत काहीतरी कडाकडा मोडत होते, एवढेच ऐकू येत होते. संध्याकाळी दार उघडले तर आळीतला रस्ताच दिसेना. ज्या घरातून समुद्र कधी दिसला नव्हता, तिथून तो दिसायला लागला.

आज सतरा दिवस झाले. कित्येक आळ्यांत अजून वीज नाही, फोन लागला तर लागतो. तरीही हे पत्र घरांसाठी नाही, हे आधीच सांगतो. ताडपत्र्या आल्या, धान्य आले, बाहेरून आलेल्या मुलांनी घरांवर चढून पत्रे ठोकून दिले. करोनाच्या भीतीतही माणसे आली, हे आम्ही विसरणार नाही. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने दीड लाख जाहीर केले आहेत. घरे रडतखडत का होईना, उभी राहतील. वाड्यांचे तसे नाही.

आमच्या आळीतल्या एका आजींची बारा गुंठ्यांची वाडी आहे. दीडशेच्या वर पोफळी (सुपारीची झाडे) होत्या, आज एकोणीस उभ्या आहेत. पोफळ मधोमध मोडते, माड मुळासकट उपटतो. त्यांचा एक माड शेंड्याकडून विहिरीत गेला आहे, बुंधा वर आकाशात. मिरीचे वेल पोफळींबरोबरच आडवे झाले. पाणी फिरवायचे पाट झावळ्यांखाली कुठे गेले ते सापडत नाही. माळ्यावर सुपारीची चार पोती होती, लॉकडाऊनमुळे व्यापारी आला नाही म्हणून तशीच ठेवलेली. कौले उडाली आणि सुपारी भिजून काळी पडली. आजी म्हणतात, "घराचं काय, शाकारून होईल. वाडीत जायला पाय उचलत नाही."

सरकारने बागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले. घाटावरच्या बागाईतदाराला ते पुरेल न पुरेल, तो त्याचा हिशोब. आमच्याकडे हेक्टरात मोजतो कोण? वाड्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा आजींच्या वाट्याला सहा हजार येतील. तेवढ्यात पडलेली झाडे वाडीबाहेरसुद्धा जाणार नाहीत.

आणि झाडे बाहेर काढण्याचीच घाई आहे. पडलेली माडाची खोडे पावसात कुजू लागली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो, आणि तिथून उठून वाचलेल्या माडांच्या कोंबात शिरतो. वादळाने जे ठेवले ते भुंगा नेईल. उरलेल्या पोफळींवरची सावली गेली, त्यांची खोडे पावसाळा सरला की उन्हाने भाजतील. मध्ये केळी लावून सावली धरायला हवी, म्हणजे नव्या रोपांनाही आसरा होईल. सुपारीचे रोप वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर लावायचे, त्यानंतर पाच-सहा वर्षांनी पहिले पीक. ज्या झाडांचे बी धरायचे, त्यातलीही बरीच पडली आहेत. श्रीवर्धनी रोठा म्हणून ज्या सुपारीचे नाव आहे ती पुन्हा याच मातीत उभी करायची तर रोपवाटिका आत्तापासून घालायला लागेल.

म्हणून मागणे असे. पेट्रोलवर चालणाऱ्या करवती हव्यात, विकत किंवा तात्पुरत्या, आणि त्या चालवता येणारी माणसे. जाड दोर, कोयते. मजुरीसाठी पैसे. एक माड तोडून, ओढून वाडीबाहेर काढायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, आणि ही मजुरी गावातच राहील, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर लागल्यावर जीवना बंदराकडच्या बऱ्याच हातांना काम नाही. केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटलेली पिले), सुपारीची व नारळाची खात्रीची रोपे. जुने कपडे कृपा करून पाठवू नका. आलेले वाळवायलाच जागा नाही.

मदत वीस गुंठ्यांच्या आतल्या वाड्यांना आधी. जो प्रत्यक्ष वाडी राखतो, शिंपतो, त्याला ती मिळेल, मग सातबाऱ्यावर त्याचे नाव असो वा नसो. आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया आळीच्या तोंडावरच्या फळ्यावर लिहिला जाईल. दर रविवारी त्या फळ्याचा फोटो देणाऱ्यांना पाठवू, नेटवर्क असेल तर.

आता मुंबई-पुण्यातल्या आमच्याच माणसांशी थोडे. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली पंधरा-पंधरा नावे आहेत, त्यातली बारा तुमची. वाडी एक चुलत भाऊ राखतो, पण तुमच्या संमतीवाचून त्याच्या खात्यात भरपाई जमा होत नाही. संमतिपत्रावर सही करून पाठवा. त्याला एक पैसा लागत नाही, हिस्साही कुठे जात नाही. दर गणपतीत ज्या वाडीचे नारळ पिशवीत घालून नेलेत तिच्यासाठी एवढे कराच. गेल्या आठवड्यात तिघांना फोन केले, तिघांनीही "बघतो" म्हटले. पंचनामे चालू आहेत तोवर बघा.

खात्याचा तपशील ज्या ओळखीच्या माणसाने हे पत्र तुम्हाला दिले त्याच्याकडूनच घ्या. वादळाच्या नावाने फिरणाऱ्या अनोळखी नंबरवर पैसे टाकू नका. सामान पाठवणार असाल तर आधी कळवा. म्हसळ्याहून पुढे गाडी कुठवर येते ते रोज बदलते आहे, आम्ही माणूस समोर पाठवू.

आपले,
आळीतले वाडीवाले
श्रीवर्धन, 20 जून 2020