सेल्फ बदलला, गाडी चालू झाली, सगळ्यांचे मनापासून आभार

ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांचे खूप खूप आभार, काही जणांची तर मला नावंही माहीत नाहीत. माझ्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बिघडला होता म्हणून मी मदत मागितली होती. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं, बाकी काही नाही, आणि गॅरेजवाला म्हणत होता बॅटरीच बदला. तेव्हा तुमच्यापैकी एका ताईंनी सांगितलं आधी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघ. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज, आणि सेल्फ मारताना सेल्फच्या मोटरवर जिथे बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टवर पण व्होल्टेज नीट मिळत होतं, म्हणजे दोष मोटरमध्येच! नव्या बॅटरीचे पैसे वाचले ते फक्त ताईंमुळे.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी आधार) दिले, वर दम पण दिला की नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर पण त्यांनीच आधी काढायला लावली, कारण सेल्फची जाड केबल थेट बॅटरीवरून येते आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर डायरेक्ट शॉर्ट.

आणि ते रिक्षावाले दादा! सेल्फचा वरचा बोल्ट गंजून असा बसलेला की मी तर तोडणारच होतो, पण त्यांनी तेल सोडलं, थोडा वेळ थांबले, मग गोटी पान्याला लांब एक्स्टेंशन लावून हळूहळू मागेपुढे करत अलगद सोडवला, पैसे विचारले तर हात जोडले. जुनी मोटर उघडली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) पार संपलेले.

काका, स्टँड रविवारी आणून देतो. दादा, रिक्षा स्टँडवर दिसलात की चहा माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही.